क्लेओचे दीड तास

अस्तित्ववादी चित्रपट, म्हणजे आयुष्याला आयता अर्थ नसतो, तो माणसाने आपल्या निवडींतून घडवायचा असतो या विचाराचा चित्रपट, म्हटला की बहुतेकांना स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'सेव्हन्थ सील'मधला मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार आठवतो. त्या दृश्याचे सामर्थ्य मला मान्य आहे. परंतु तिथे प्रश्न शब्दांत विचारले जातात, आणि माझ्या मते चित्रपट या तत्त्वज्ञानाच्या अगदी जवळ पोहोचतो तो पात्रे बोलायची थांबतात तेव्हा. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांचा १९६२ सालचा 'क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन' मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा पाहते.

क्लेओ ही पॅरिसमधली तरुण गायिका. आपल्याला कर्करोग झाला असावा या भीतीने ती तपासणीच्या निकालाची वाट पाहते आहे आणि तोवरचा वेळ तिला कसातरी काढायचा आहे. वार्दा हा वेळ आपल्यालाही जवळजवळ जसाच्या तसा काढायला लावतात. सुरुवातीला क्लेओ जिथे जाते तिथे आरसे असतात, आणि सुंदर दिसते आहे तोवर आपण जिवंत आहोत, असे ती स्वतःला समजावते. मग घरी एका गाण्याचा सराव करताना तिच्या आत काहीतरी तुटते. ती डोक्यावरचा केसांचा टोप ओढून काढते, काळा पोशाख चढवते आणि एकटीच बाहेर पडते. एका कॅफेत ती यंत्रावर स्वतःचेच गाणे लावते आणि टेबलांमधून फिरत राहते, पण लोक आपापल्या गप्पांत गढलेले असतात. कोणीही मान वर करत नाही.

दुसऱ्याच्या नजरेखाली माणूस वस्तू होऊन जातो, हे फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्र यांनी १९४३ साली 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये विस्ताराने मांडले होते. ते मी वाचले होते, पण कळले ते या कॅफेत. इथून पुढे कॅमेरा क्लेओकडे कमी आणि क्लेओला दिसणाऱ्या अनोळखी चेहऱ्यांकडे अधिक पाहू लागतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या 'इकिरू'मधला मरणासन्न कारकुनी अधिकारी मुलांसाठी बाग उभारतो, म्हणजे त्याच्या निवडीला निदान एक दृश्य फळ तरी येते. क्लेओ काहीच उभारत नाही, फक्त पाहायला लागते, आणि मला ही निवड अधिक अवघड वाटते.

शेवटी डॉक्टर गाडीत बसल्या बसल्याच तिला निकाल सांगतात, उपचारांबद्दल दोन वाक्ये बोलतात आणि निघून जातात. क्लेओ आणि उद्यानात तिला नुकताच भेटलेला, अल्जीरियाच्या युद्धावर परतणारा सैनिक शेजारी शेजारी चालत राहतात. नावात सात वाजेपर्यंतचा वेळ आहे. चित्रपट साडेसहालाच थांबतो.