रत्नागिरी ते वेंगुर्ले: स्कायडायव्हिंग शिकण्याच्या जागेच्या शोधात

स्कायडायव्हिंग शिकायचे हे पक्के ठरल्यावर ते कोठे शिकावे हा प्रश्न समोर आला आणि त्याच्या उत्तरासाठी मी सर्वांत आधी आपल्याच किनाऱ्याकडे पाहिले. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून झेप घेतली, त्यामुळे मराठी घरांना हा खेळ आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. तरीही माझा बेत कळताच घरच्यांनी एकच प्रश्न विचारला: "आपल्या मालवणात पॅराशूट असते ना, मग दूर कशाला जायचे?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. म्हणून दिवाळीनंतर आकाश निवळल्यावर मी रत्नागिरीहून सागरी मार्गाने दक्षिणेकडे निघाले. सोबत वडिलांचे स्नेही होते, ज्यांना आम्ही हवालदारकाका म्हणतो. त्यांचे छत्रीधारी सैनिकाचे प्रशिक्षण आग्र्याला झाले असून निवृत्तीनंतर ते वेंगुर्ल्याला स्थायिक झाले आहेत. गाडीत बसतानाच त्यांनी मला बजावले, "आकाश सगळीकडे सारखेच असते. तू जमीन बघत चल."

पावस आणि पूर्णगड मागे टाकून जैतापूरचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, पसरू लागतात. पावसाळ्यानंतर पिवळे पडलेले गवत, मधूनच उघडा पडलेला काळसर जांभा आणि क्षितिजापर्यंत एकही इमारत नाही, असा तो विस्तार पाहून मला उतरण्यासाठी याहून चांगली जागा कोणती, असे वाटले. काकांनी गाडी थांबवायला लावली आणि मला सड्यावर चालायला सांगितले. गवताखाली जांभ्याचे धारदार कंगोरे होते, दर काही अंतरावर गुडघाभर उंचीचे दगडी गडगे होते आणि थोडे पुढे गेल्यावर पायांखालची जमीन एकदम संपून चिरेखाण सुरू झाली. तिच्या भिंती उभ्या कापलेल्या होत्या आणि तळाशी अजून पाणी साचलेले होते. पलीकडे आंब्याच्या बागा आणि बागांवरून गेलेल्या विजेच्या तारा. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याच्या उतरण्याच्या जागेपासून चहूबाजूंना किमान 100 मीटरपर्यंत असा कोणताही अडथळा असता कामा नये. त्या सड्यावर उभे राहून मी चारही दिशांना नजरेने 100 मीटर मोजले तेव्हा प्रत्येक दिशेला काही ना काही आडवे येत होते.

काकांनी त्यानंतर वाऱ्याचा हिशेब मांडला आणि माझ्या मते संपूर्ण प्रवासात सर्वांत मोलाचे असे तेच होते. विद्यार्थ्याला साधारणपणे 10,000 ते 13,000 फुटांवरून उडी देतात, सुमारे 5,000 फुटांवर तो छत्री उघडतो आणि त्या मधल्या पाऊण मिनिटात तो ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने खाली येत असतो. वरचा वारा ताशी 40 किलोमीटर असेल, तर तेवढ्यातच तो अर्धा किलोमीटर बाजूला सरकतो. छत्री उघडल्यानंतर जमिनीवर येण्यास पाच मिनिटे लागतात आणि या काळात ताशी 20 किलोमीटरच्या साध्या वाऱ्यातही छत्री आणखी दीड किलोमीटरहून अधिक वाहत जाऊ शकते. अनुभवी माणूस छत्री वळवून हे अंतर भरून काढतो, परंतु शिकाऊ माणसाचे सगळे लक्ष उंची आणि कानातल्या रेडिओवरच्या सूचना यांतच गुंतलेले असते. म्हणूनच शिकाऊ उड्यांसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी 22 किलोमीटरच्या आसपास ठेवतात. कोकणात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारी खारे वारे उलट दिशेने येतात आणि या दोहोंमधल्या काळात वाऱ्याची दिशा ठरलेली नसते. सकाळच्या वाऱ्यात चुकलेला विद्यार्थी समुद्राकडे जातो, ही गोष्ट एकदा लक्षात आल्यावर नकाशावरचा किनारा मला निराळाच दिसू लागला.

देवगड आणि कुणकेश्वर येथे आम्ही फार थांबलो नाही. मालवणात मात्र घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते. तिथे जे पॅराशूट आहे त्याला पॅरासेलिंग म्हणतात. त्यात छत्री दोराने बोटीला बांधलेली असते, उंची बोटवाला ठरवतो आणि प्रवाशाला काहीही करायचे नसते. त्यात छत्री उघडण्याआधीचे मुक्तपतन नाही, राखीव छत्री उघडण्याचा प्रसंग नाही आणि छत्री चालवण्याचे कसबही नाही, त्यामुळे त्यातून स्कायडायव्हिंगची कोणतीही पायरी शिकता येत नाही. तरीही त्या किनाऱ्यावर मला एक गोष्ट शिकता आली. आमच्या आधी आलेले एक कुटुंब वर जाण्याचा आग्रह धरून बसले होते, पैसेही मोजून हातात होते आणि बोटीचे वयस्क मालक शांतपणे सांगत होते, "आज वारो जास्त आसा, बोट जावची नाय." वरकरणी सगळे नीट दिसत असताना गिऱ्हाईकाला परत पाठवणारा माणूस मला त्या दिवसापासून प्रत्येक प्रशिक्षणकेंद्रात हवासा वाटू लागला.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे आणि तिथे शिकण्यातला फरक आणखी स्पष्ट होतो. प्रशिक्षकाने धरून काही मिनिटे पाण्याखाली फिरवून आणणे वेगळे आणि अनेक दिवसांचा अभ्यासक्रम पुरा करून स्वतंत्रपणे डाइव्ह करता येणे वेगळे. स्कायडायव्हिंगमध्येही हाच फरक आहे. टँडम उडीत प्रशिक्षक तुम्हाला स्वतःच्या पुढ्यात बांधून घेतो आणि सगळे निर्णय तोच घेतो. आपल्याला उडी सोसते की नाही हे पाहण्यासाठी ती उत्तम आहे. शिकण्यासाठी मात्र एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल) या पद्धतीचा अभ्यासक्रम असतो, ज्यात आधी जमिनीवर दिवसभराचे शिक्षण देतात, सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून सोबत पडतात आणि छत्री विद्यार्थ्यानेच उघडायची असते. अमेरिकी संघटनेचा पहिला परवाना मिळवण्यासाठी किमान 25 उड्या लागतात आणि विद्यार्थ्याच्या दोन उड्यांत 30 दिवसांहून अधिक अंतर पडल्यास त्याने पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडी घ्यावी अशी अपेक्षा असते. याचा अर्थ असा की वर्षातून चार दिवस भरणारे शिबिर टँडमसाठी चालेल, शिकण्यासाठी नाही. जिथे हवामान सलग आठवडे साथ देते आणि विमान रोज उडते तीच जागा शिकण्यायोग्य. जून ते सप्टेंबर ढगांखाली असणारे आपले कोकण याही कसोटीवर मागे पडते.

तारकर्लीतच एक वेगळी सावधगिरी कळली, जी किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. स्कूबा केल्यानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो, म्हणून डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा लागतो. ही शिफारस प्रवासी विमानांतल्या 8,000 फुटांपर्यंतच्या हवेच्या दाबासाठी आहे. स्कायडायव्हिंगच्या विमानात हवेचा दाब राखलेला नसतो आणि ते त्याहून वर जाते, त्यामुळे मी तर पूर्ण दोन दिवसांचे अंतर ठेवीन.

परुळ्याजवळ चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला. तिथली धावपट्टी 2,500 मीटरची आहे आणि भोवतालचा सडा मोकळा आहे, त्यामुळे क्षणभर आशा वाटली. पण उत्तरेला कर्लीची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि प्रवासी विमानांची ये-जा. शिवाय सिंधुदुर्गातल्या गंभीर जखमी माणसाला अजूनही गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवावे लागते. काका म्हणाले, "पाय मोडला तर पहिल्या तासात कुठे नेणार, हे ज्याला पाठ नाही त्याच्याकडे उडी मारू नकोस." दुबईतही, जिथे समुद्रातल्या कृत्रिम बेटाच्या वर घेतलेल्या उड्यांची छायाचित्रे जगभर फिरतात, नवशिक्यांचे प्रशिक्षण वाळवंटातल्या वेगळ्या तळावर होते.

वेंगुर्ल्याला काकांच्या ओटीवर बसून मी दूरध्वनी सुरू केले. एका ठिकाणी माझे वजनही न विचारता "उद्याच या, सगळे सुरक्षित आहे" असे उत्तर मिळाले. राखीव छत्रीची घडी शेवटची कधी आणि कोणी घातली, ठरावीक उंचीखाली आपोआप राखीव छत्री उघडणारे उपकरण प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठीवर असते का, वाऱ्याची मर्यादा किती आणि उडी रद्द झाल्यास पैशांचे काय, हे मी विचारू लागताच पलीकडचा आवाज तुटक झाला. राखीव छत्री अमेरिकेत दर 180 दिवसांनी पात्र माणसाकडून पुन्हा तपासून घडी घालावी लागते आणि तशी नोंद छत्रीसोबतच्या कार्डावर असते, म्हणजे हे विचारणे मुळीच अनाठायी नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र प्रशिक्षकानेच मला प्रश्न विचारले. खांदा कधी निखळला आहे का, चष्मा आहे का, सलग किती दिवस मोकळी आहेस? धुके असेल तर दिवसभर बसून राहावे लागेल आणि परतीचे तिकीट त्या हिशेबाने काढावे, हेही त्यांनी सांगितले.

माझा निर्णय आता असा आहे. हरियाणात नारनौलजवळच्या बाछोद हवाईपट्टीच्या बाजूला समुद्र, खाडी आणि आंब्याच्या बागा यांतले काहीच नाही, तिथे आधी टँडम उडी घ्यायची. मात्र डिसेंबर आणि जानेवारीतले उत्तरेकडचे धुके टाळून फेब्रुवारीच्या अखेरीस जायचे. ती उडी मानवली, तर ज्या प्रशिक्षकाने मला प्रश्न विचारले त्यांच्याकडे सलग रजा घेऊन पूर्ण अभ्यासक्रम करायचा. काकांनी त्यांच्याशी स्वतः बोलून वाऱ्याची मर्यादा पुन्हा एकदा विचारून घेतली आणि मगच मला अर्ज भरू दिला.