मिलिव्होल्ट स्थिर होईना

आज दिवसभर फ्लोराइड इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणातल्या फ्लोराइडचं प्रमाण मिलिव्होल्टवरून सांगणारी कांडी. रीडिंग सरकत राहिलं की लोक आधी मीटरला शिव्या घालतात, पण दोष बहुतेक वेळा बीकरमध्येच असतो.

१ आणि १० मिग्रॅ/लिटर फ्लोराइडची स्टँडर्ड (तीव्रता आधीच माहीत असलेली द्रावणं) घ्या. २५ अंश सेल्सिअसला दोघांत ५४ ते ६० मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. ४५ वगैरे आला तर नमुना लावूच नका; स्टँडर्ड ताजी करा, इलेक्ट्रोडच्या टोकाचा स्फटिक पुसा, रेफरन्स (तुलनेच्या) इलेक्ट्रोडमधलं द्रावण बदला. एक मिलिव्होल्ट चुकला की उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी चुकतं!

टिसॅब बफर (पीएच आणि आयनांचं एकूण प्रमाण सारखं ठेवणारं द्रावण) नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये, दोन्हींत समप्रमाणात. पीएच ५ ते ५.५ राहतो. त्याखाली फ्लोराइड हायड्रोजनला चिकटतं आणि आकडा कमी येतो; वर गेलं की हायड्रॉक्साइडच फ्लोराइड असल्याची बतावणी करतो. ॲल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइडही टिसॅबच सोडवतं, पण ॲल्युमिनियम फार असेल तर तेही पुरं पडत नाही.

भांडी प्लॅस्टिकची. मोजणी कमी तीव्रतेकडून जास्तीकडे. ढवळणीची मोटर द्रावण हळूहळू तापवते, म्हणून बीकरखाली थर्मोकोलचा तुकडा ठेवा. आणि इलेक्ट्रोड तिरका बुडवा. स्फटिकाखाली अडकलेला मोहरीएवढा बुडबुडा अख्खी दुपार खातो.