उकिडवं बसलेला हेर

उकिडवं बसता येणं ही आपल्याकडे कोणी कला मानत नाही. भाजीवाली बसते, गवंडी बसतो, एसटीची वाट बघणारा बसतो. अमेरिकेत मात्र या बैठकीचा पगार मिळतो. बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त आणखी खाली बसलेला, तोंडाला जाळी आणि छातीला पॅड बांधलेला. क्षेत्ररक्षणाच्या नऊ जणांत एकट्या त्याचंच तोंड बाकीच्या आठांकडे असतं. सगळं मैदान त्याला दिसतं. प्रेक्षक बघतात चेंडू फेकणाऱ्या पिचरकडे आणि बॅटरकडे. मो बर्ग नावाचा अमेरिकी कॅचर या जागेवरून उठून पुढे हेरखात्यात गेला, आणि त्याला फार काही नवीन शिकावं लागलं असेल असं वाटत नाही.

कारण बर्गच्या काळात कॅचरचं खरं काम चेंडू येण्याआधीचं. उजव्या हाताची बोटं मांड्यांच्या मधे, पोटाजवळ धरून दाखवायची. साधारणपणे एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. 60 फूट 6 इंचांवरच्या पिचरला ती दिसली पाहिजेत, आणि पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ (बेस म्हणजे धावताना गाठायचा थांबा) उभ्या असलेल्या विरुद्ध संघाच्या प्रशिक्षकांना अजिबात नाही. म्हणून डाव्या हातातला मोजा गुडघ्यापुढे आडवा धरायचा, उजवा गुडघा आत ओढायचा. हात जरा खाली गेला की बोटं मांडीखालून डोकावतात, आणि खूण फुटते. दुसऱ्या बेसवर धावपटू पोचला की हा आडोसाही संपला, कारण तो पिचरच्या पाठीमागून सरळ तिथेच बघत असतो. मग एकापाठोपाठ चार-पाच खुणा द्यायच्या आणि, समजा, त्यातली तिसरीच खरी, असं आधीच ठरवून ठेवायचं. पिचर मोजण्यात चुकला तर वळणाऱ्या चेंडूची वाट बघणाऱ्या कॅचरवर वेगवान चेंडू येऊन आदळतो. बॅटची कड घेऊन आलेला चेंडू तर उघड्या हाताची बोटं मोडतो. म्हणून खूण देऊन झाली की अंगठा आत घेऊन मूठ सैलसर मिटायची.

बर्ग प्रिन्स्टनचा पदवीधर, कोलंबियाचा वकील. 1923 ते 1939 या काळात 15 हंगाम खेळला: 663 सामने, होमरन (आपला षटकारच म्हणा) फक्त 6, बॅटिंगची सरासरी .243, म्हणजे चार प्रयत्नांत धड एकही यशस्वी फटका नाही. याला इतक्या भाषा येतात पण बॅटिंग एकाही भाषेत येत नाही, अशी त्याची थट्टा व्हायची. कॅचरही तो अपघातानेच झाला. 1927 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे कॅचर ओळीने जखमी झाले, तेव्हा त्याला जाळी बांधून बसवलं. 1930 मध्ये गुडघा दुखावला आणि पुढे बराच काळ राखीव खेळाडू म्हणून बाकावर गेला. बाकावर बसलेल्याला बघत बसण्याशिवाय दुसरं काम नसतं.

1934 मध्ये बेसबॉलचा नामांकित खेळाडू बेब रूथ याच्या संघाबरोबर तो जपानला गेला. 29 नोव्हेंबरला बाकीचे ओमियाला सामना खेळत असताना हा किमोनो घालून, फुलं घेऊन टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात शिरला. अमेरिकी राजदूतांच्या बाळंतीण मुलीला भेटायचं हे निमित्त. तिला तो भेटलाच नाही. गच्चीवर जाऊन लपवून आणलेल्या 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने शहराचं चित्रण करून आला. 1942 च्या टोकियोवरच्या हवाई हल्ल्याला हीच फिल्म कामी आली, असं हौसेने सांगितलं जातं. ते काही पटत नाही: आठ वर्षांत शहर केवढं बदलतं!

1943 मध्ये तो ओएसएस या युद्धकालीन हेरखात्यात दाखल झाला. 1944 मध्ये इटलीत जाऊन तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांशी बोलला. प्रश्न एकच होता, जर्मनांचा अणुबॉम्ब कुठवर आलाय? त्याचं उत्तर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्गपाशी होतं, आणि तो 18 डिसेंबर 1944 ला झुरिकमध्ये व्याख्यान देणार होता. बर्ग खिशात पिस्तूल आणि सायनाइडची गोळी घेऊन श्रोत्यांत जाऊन बसला. बॉम्ब जवळ आलाय असं बोलण्यातून कळलं तर हायझेनबर्गला तिथेच संपवायचं, असा हुकूम. विषय निघाला एस-मॅट्रिक्सचा, म्हणजे कणांच्या टकरींचं गणित. बॉम्बशी त्याचा सुतराम संबंध नाही. बर्ग टिपणं काढत राहिला. ऐकताना काय करावं याची अनिश्चितताच वाटतेय, असा हायझेनबर्गच्या प्रसिद्ध अनिश्चिततेच्या सिद्धान्तावरचा विनोदही त्याने टिपणात करून ठेवला. पुढे स्विस भौतिकशास्त्रज्ञ पाउल शेरर यांच्या घरच्या जेवणात हायझेनबर्ग म्हणाला की जर्मनी युद्ध हरल्यातच जमा आहे. हाताशी बॉम्ब असलेला माणूस असं बोलत नाही. पिस्तूल खिशातच राहिलं.

बातमी वॉशिंग्टनला पोचल्यावर, हायझेनबर्गचं खरं निघो, असं म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्जना सांगितलं म्हणतात, ‘त्या कॅचरला माझा नमस्कार कळवा.’