तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे बंदुका बंद का करत नाहीत?

इथे अमेरिकेत, टेक्सासात कुठेही गोळीबार झाला की पुण्या-नाशिकहून फोन येतो आणि खुशाली विचारून झाली की हा प्रश्न ठरलेला. "शाळेतली पोरं मारली जातात, तरी सरकार बंदी का घालत नाही?" फोनवर मी "अहो, मोठी भानगड आहे ती" म्हणून सुटते. आज जरा नीट सांगते.

आपल्याकडे बंदूक हवी तर आधी सरकारला कारण सांगायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, जिवाला धोका, पिकांची राखण किंवा नेमबाजी असं काहीतरी दाखवावं लागतं. एवढं करूनही नकार मिळू शकतो. इथे गंगा उलटी वाहते. बंदूक कशाला हवी, हे कोणी विचारत नाही. ती तुम्हाला का देऊ नये, हे सरकारने दाखवायचं. दुकानात फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयकडे नाव तपासतो, बहुतेकदा काही मिनिटांत निकाल लागतो. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलंच नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. खासगी माणसाकडून विकत घेतली तर केंद्रीय कायदा एवढीही चौकशी मागत नाही. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना मात्र बंदूक घ्यायला मनाई आहे. अपवाद? शिकारीचा परवाना काढलेला असेल तर चालतं!

याचं मूळ १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. एकच वाक्य, त्यात आधी नागरिकांच्या सैन्यदलाचा उल्लेख आणि मग लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क. हा हक्क त्या दलापुरता की प्रत्येकाचा, यावर पिढ्यानपिढ्या भांडण चाललं. २००८ मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, हक्क व्यक्तीचा आहे, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवता येईल. त्यामुळे सरसकट बंदी संसदेच्याही हातात राहिली नाही. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी. विसरा.

मे २०२२ मध्ये टेक्सासातल्याच युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. महिन्याभराने, २३ जूनला, सिनेटने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकांची जास्त कसून तपासणी करणारा कायदा मंजूर केला. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभरेक वर्षांचा नियम रद्द केला. नियम काय होता? बाहेर पिस्तूल घेऊन फिरायचं असेल तर सबळ कारण सांगा. म्हणजे आपल्यासारखाच!

आणि आपणही सहज या वाटेला गेलो असतो. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्रं बाळगण्याचा हक्क होता. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथांनी तो संविधानात घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवी ती शस्त्रं बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली. इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केल्याचा राग तेव्हा ताजा होता, म्हणून मला त्या नकाराचं जास्तच कौतुक वाटतं.

"तुमच्या घरी आहे का?" हा पुढचा प्रश्न. नाही. चोराची भीती मलाही वाटते, पण इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि घरात वयात येणारी मुलं आहेत. बंदीच्या वादापेक्षा कुलपाची सक्ती आणि खरेदीआधी थोडे दिवस थांबवणं, यावर जोर लावावा असं माझं मत. तोवर मुलगा मित्राकडे खेळायला निघाला की मी त्याच्या आईला विचारते, बंदूक आहे का, कुलपात असते का. सुरुवातीला जीभ रेटायची नाही. बहुतेक जणी न रागावता सांगतात, तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या ठेवतो. एकीने विषय बदलला, तेव्हा मी म्हटलं, मुलांना आमच्याकडेच पाठवा.