टाकी वाहतेय आणि स्क्रीन म्हणते ३.९९

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून सकाळी सव्वासातला फोन आला. पाण्याची टाकी ओव्हरफ्लो होतेय, पंप बंद व्हायचं नाव घेत नाही. पोचलो तेव्हा ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात धार चालू होती आणि पॅनेलच्या स्क्रीनवर लेव्हल होती ३.९९ मीटर. कटऑफ, म्हणजे पंप बंद व्हायची लेव्हल, ४.०० ला लावलेला. "साहेब, अजून चार कुठे झालेत?" ऑपरेटरचं म्हणणं. त्याच्या बाजूने बरोबरच होतं, पंपसुद्धा तेच म्हणत होता. पण ओव्हरफ्लोचं तोंड ४.२० मीटरवर आहे. पाणी तिथून पडतंय म्हणजे लेव्हल ४.२०, आणि त्याच्या वर ती जाणारच नाही. स्क्रीन दिवसभर ३.९९ वरच बसली असती. (सगळ्या उंच्या लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या फ्लँजच्या, म्हणजे तो टाकीला जोडणाऱ्या कड्याच्या, मध्यापासून धरल्या आहेत. तळापासून मोजाल तर फ्लँजपर्यंतचं अंतर वजा करावं लागेल, ते बरेचजण विसरतात.)

आधी ठरवायचं ते हे, की खोटं कोण बोलतंय, ट्रान्समीटर की पीएलसी (त्याचा सिग्नल वाचून पंप चालवणारा कंट्रोलर). ट्रान्समीटर दाबावर चालणारा, रेंज ० ते ५ मीटर, त्याला ४ ते २० मिलीअँपिअर करंट, म्हणजे ४.२० मीटरला त्याने ४ + १६ × ४.२/५ = १७.४४ मिलीअँपिअर द्यायला हवेत. त्याच्या वायरच्या लूपमध्ये करंट मोजायचा मीटर लावला, १७.४४ मिळाले. ट्रान्समीटर निर्दोष. पीएलसी सीमेन्सचा, त्यात ४ ते २० मिलीअँपिअरचे ० ते २७६४८ काउंट, म्हणजे आतले पूर्णांक आकडे, होतात. काउंट दिसत होते २३२२४, तेही बरोबर. म्हणजे घोटाळा काउंटचे मीटर करणाऱ्या समीकरणात.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. आठवड्यापूर्वी ट्रान्समीटर बदलला, तेव्हा टेप टाकून घेतलेली दोन रीडिंग त्यावर होती: ११०५९ काउंटला २.०१ मीटर, १२७१८ काउंटला २.२८ मीटर. टाकी निम्मी होती, रिकामी करायला वेळ नव्हता, म्हणून थोडं पाणी भरून दुसरा बिंदू घेतला असणार. चढ, म्हणजे एका काउंटमागे किती मीटर, याचं गणित चोख केलेलं होतं:

चढ = (२.२८ − २.०१) / (१२७१८ − ११०५९) = ०.२७ / १६५९ = ०.०००१६२७५

पण या ट्रान्समीटरचा चढ ५/२७६४८, म्हणजे ०.०००१८०८४ असायला हवा. दहा टक्के कमी आला, कारण ११०५९ काउंटला पाणी खरं २.०० होतं आणि १२७१८ ला २.३०. पहिल्या वेळी टेप एक सेंटिमीटर जास्त वाचली, दुसऱ्या वेळी दोन सेंटिमीटर कमी. इनलेट चालू असताना पाणी हलतं, एवढी चूक कुणाचीही होते. दोन बिंदूंत साडेतीन मीटर अंतर असतं तर ही तीन सेंटिमीटर एक टक्कासुद्धा भरली नसती. इथे अंतरच तीस सेंटिमीटर.

मजा म्हणजे २.१० मीटरला ही चुकीची रेषा आणि खरी रेषा एकमेकींना छेदतात. टाकी निम्मी असताना कुणीही टेप टाकून तपासलं की स्क्रीन अगदी बरोबर. तिथून वर जावं तशी स्क्रीन कमी दाखवते, खाली यावं तशी जास्त. काउंट शून्य ठेवून बघा: २.०१ − ०.०००१६२७५ × ११०५९ = ०.२१. रिकाम्या टाकीत एकवीस सेंटिमीटर पाणी!

हे सांगितल्यावर ऑपरेटर म्हणाला, "मग आठवडाभर खालचा पंप हवा ओढतोय तो यानेच का?" यानेच. खालचा कटऑफ ०.३० चा. स्क्रीनवर ०.३० येतं तेव्हा काउंट साधारण ५५३, म्हणजे खरं पाणी दहा सेंटिमीटर. सक्शनचं तोंड पंधरावर. पंपाच्या सीलला उगाच बोल लागत होता.

इनलेट बंद करून टाकी खाली उतरवली. पाणी पूर्ण शांत झाल्यावर ०.४० मीटरला २२१४ काउंट, मग भरून ३.९० मीटरला २१५६९. टेप प्रत्येक वेळी तीनदा टाकली.

चढ = ३.५० / १९३५५ = ०.०००१८०८३
उंची = ०.४० + ०.०००१८०८३ × (काउंट − २२१४)

वजाबाकीचा क्रम वर-खाली एकच ठेवायचा, नाहीतर चढ उणे येतो आणि टाकी भरताना स्क्रीन उतरते. चढाचे आकडेही कापायचे नाहीत. नुसतं ०.०००१८ टाकलं तर ३.९० च्या जागी ३.८८ दिसतं. मिलीमीटरमध्ये पूर्णांकात केलं तर वेगळीच गंमत: ३५०० ला १९३५५ ने आधी भागलं की उत्तर शून्य, आणि आधी गुणलं तर आकडा कोटींत जातो, १६ बिटांत ३२७६७ च्या पुढे मावतच नाही. म्हणून सरळ रिअलमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, घेतलं.

तपासायला तिसरा बिंदू हवा, तोही रेषा काढताना न वापरलेला. पहिले दोन त्यांच्यातूनच काढलेल्या रेषेवर बसणारच, त्यात तपासणी कसली? २.१० ला काउंट ११६१८, समीकरणातून २.१०. पण जुनी रेषाही नेमकी इथेच पास झाली असती, म्हणून ३.२० ला आणि ०.८० लाही टेप टाकली. दोन्हीकडे फरक सेंटिमीटरच्या आत.

हा चढ फक्त पाण्याचा. आपल्याकडच्या वाइनरीत द्राक्षाच्या रसाची टाकी असेल तर हे आकडे तिकडे उचलून नेऊ नका. २२ ब्रिक्सच्या (वजनाने साधारण २२ टक्के साखरेच्या) रसाची घनता पाण्याच्या सुमारे १.०९ पट, दाबावरचा ट्रान्समीटर तेवढीच लेव्हल फुगवून दाखवेल.

जुना कागद काढून नवे दोन बिंदू, तपासणीचे तीन आणि तारीख लिहून दाराला लावली. साडेअकराला पंप चालू केला. स्क्रीनवर ४.०० आलं, पंप पडला, टेपवर ओली खूण ४.०० च्या रेघेवर.