पेढ्यांचा बॉक्स

"घ्या ओ, नाही म्हणू नका. देवानेच न्याय केला."

२४ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात पेढे वाटत होते. बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाला होता. आदल्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत त्यातल्या आरोपीला पोलिसांची गोळी लागली, तो मेला.

सगळ्या खूश. त्यांचा राग खोटा नाही. २० ऑगस्टला हेच बदलापूर दिवसभर रुळांवर उतरलं होतं.

दारापाशी उभ्या मावशींनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, "आणि शाळेचे ते ट्रस्टी गं? त्यांना पकडलं का?"

"पकडतील हो! मेन माणूस गेला ना."

मावशी गप्प. ट्रस्टी तेव्हा अजून सापडले नव्हते. शाळेचं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही फुटेजही नव्हतं. हे तर खुद्द तेव्हाचे शिक्षणमंत्रीच म्हणाले होते.

"कोर्टात वीस वर्षं लागली असती," कुणीतरी म्हणालं. खोटं कसं म्हणू? (आमच्या वाडीतला जागेचा दावा माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे.)

पण बालवाडीतल्या मुलींच्या आईबापांना तक्रारीसाठी तासन्‌तास बसवून ठेवलं ते पोलिसांनीच ना? मग त्यांच्याच गोळीवर एका रात्रीत एवढा विश्वास कसा काय बसला?