‘नको’चा रकाना

आमच्या आश्रयगृहातलं कपड्यांचं कपाट उघडलं की ढीग अंगावर यायचा. लोक मनापासून देत, पण देत ते घरात नकोसं झालेलं: चेन बिघडलेली जीन्स, काखेत विरलेला टॉप. नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडलेल्या बाईला सोमवारी नोकरीच्या मुलाखतीला जायचं असलं, तर त्या ढिगातून एक धड पोशाख निघत नसे. म्हणून मी एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला. विकला न गेलेला कोरा माल कंपन्यांकडून घ्यायचा आणि आमच्यासारख्यांपर्यंत पोचवायचा, हे त्यांचं काम. कपडे, बूट, शिवाय प्रसाधनं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे कुरकुर आहे.

मला वाटलं होतं, फुकट द्यायचंय तर देतील पटकन. सहा आठवडे लागले. नोंदणीचा दाखला आणि गेल्या वर्षाचा हिशेब मागितला, ते ठीक. पण माल ठेवायच्या खोलीला कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे असते? भिंतीला ओल आहे का, दुपारचं ऊन आत येतं का? खोलीचे फोटो पाठवा. वर हमीपत्र: विकणार नाही, दुकानात नेऊन बदलून घेणार नाही, परस्पर दुसऱ्या कोणाला देणार नाही.

“एवढा अविश्वास?” मी फोनवर तडकलेच.

“तुमच्यावर अविश्वास नाही हो ताई,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “यातला एक ड्रेस जरी बाजारात निम्म्या भावाने दिसला ना, तर ती कंपनी आम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.”

ही भीती कुठल्या थराला जाते ते मी नंतर वाचलं. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. त्यातली १ कोटी ४ लाख पौंडांची तर प्रसाधनंच होती. बोभाटा झाला तेव्हा, सप्टेंबर २०१८ मध्ये, हे बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. पुढे फ्रान्सने २०२० साली कायदा केला आणि २०२२ पासून न विकलेले कपडे, स्वच्छतेच्या वस्तू वगैरे नष्ट करायला मनाई आली. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांना कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला घातलेली बंदी १९ जुलै २०२६ पासूनची. जाळायची सोय गेली की दानत वाढते, हा माझा कुजकट निष्कर्ष.

अर्ज मंजूर झाला आणि मागणीचा फॉर्म आला. त्यात ‘हवं’ असा एकच रकाना. मी लिहिलं: बायकांचे कपडे, बूट, प्रसाधनं, काहीही चालेल. ‘काहीही चालेल’ या दोन शब्दांनी माझा पुढचा महिना खाल्ला.

चौतीस खोकी आली. उन्हाळा तोंडावर, आणि पहिल्या नऊ खोक्यांत जाड कोट. आधी मी कपाळाला हात लावला, मग लक्षात आलं की दुसरं काय येणार? थंडी संपल्याशिवाय कोट ‘उरले’ असं कोणी ठरवतच नाही. बाकी कपड्यांत एकतर अगदी बारीक नाहीतर अगदी मोठे साइझ, कारण मधले दुकानातच संपतात. बूट बाहुलीच्या पायांचे. फाउंडेशनच्या शेकडो बाटल्या, पण शेड दोनच: एक खडूसारखी, दुसरी किंचित गुलाबी खडूसारखी. आमच्याकडच्या एकीच्याही चेहऱ्याला न जाणारी. दुकानात ज्याला गिऱ्हाईक नव्हतं, तेच आमच्या दारात येऊन बसलं होतं.

प्रसाधनांनी मला सर्वांत जास्त दमवलं. सील फुटलेलं आणि दुकानातले टेस्टर बाजूला काढायचे, हे सोपं. पण कित्येक डब्यांवर तारीखच नव्हती. मी घाबरून सगळं फेकायला निघाले होते. युरोपच्या नियमात ३० महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनावर अंतिम तारीख छापावी लागत नाही. त्याऐवजी उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘१२ एम’ असं काही लिहिलेलं. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. पण माल तयार कधी झाला? ते कळायला तळाचा बॅच नंबर टिपून संस्थेला पाठवायचा, ते कंपनीला विचारणार, मग उत्तर येणार. दोन संध्याकाळी मी भिंग घेऊन डब्यांचे तळ वाचत बसले होते. मस्काराची मुदत उघडल्यावर काही महिन्यांचीच, आणि तो डोळ्याशी जाणारा, म्हणून तिथे शंका आली की सरळ बाद. नेलपॉलिश, परफ्यूम आणि स्प्रे ही मंडळी पेट घेणारी. खोलीत ऊन येतं का, हे का विचारलं होतं ते तेव्हा उमगलं. फोनवर तडकल्याची जरा लाज वाटली.

वाटप मी आधी चुकीचं केलं. कोणाला कमी-जास्त नको म्हणून सगळ्यांना सारख्या पिशव्या भरल्या: एक टॉप, एक पँट, एक क्रीम, एक लिपस्टिक. त्याच रात्री व्हरांड्यात बाजार भरला. क्रीमच्या बदल्यात बूट, दोन लिपस्टिकांवर एक पँट. तासाभरात त्यांनी आपापसांत जे जमवलं, ते मला तीन दिवस याद्या करून जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिशव्या रिकाम्या केल्या, दांडी बांधली, साइझप्रमाणे हँगर लावले, पडदा टांगला आणि मोठा आरसा आणला. जिला जे हवं ते तिने बघून घ्यावं.

तरी एक गोष्ट आडवी आलीच. माल परत बाजारात जाऊ नये म्हणून गोदामात प्रत्येक कपड्याच्या मानेवरचं लेबल ब्लेडने कापलेलं होतं. काही ठिकाणी घाईत ब्लेड कापडालाही लागलेलं. एकीने अंगाला अगदी नीट बसलेला ब्लाउज काढून परत हँगरला लावला.

“का गं? छान दिसत होता.”

“ताई, यात काहीतरी खोट आहे. म्हणून तर कापलंय.”

मी लेबलाची सगळी हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतलं. “पण विकत घेणारीला असं कापलेलं देतात का?” तिने विचारलं. प्रसाधनांच्या टेबलाशीही हाच संशय. दोघीतिघींनी क्रीमची डबी उघडून वास घेतला, तारीख विचारली. मला मनातून बरं वाटलं, कारण बॅच नंबरांची वही माझ्या हातात होती आणि मी ती चक्क मिरवली.

लेबलावरून मात्र संस्थेशी भांडण झालं. तिथल्या वरिष्ठांचं म्हणणं, फुकट मिळणाऱ्या गोष्टीत इतकं काय बघायचं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. फोनवरच्या त्या बाई मात्र आमच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी कंपनीला विचारलं, आणि कंपनीची अट फक्त खूण असावी एवढीच निघाली. ब्लेड ही गोदामाची सोय होती. आता आतल्या शिवणीत धुलाईच्या सूचनांची जी पट्टी असते, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईचा बारीक शिक्का असतो. दुकानदाराला दिसतो, घालणारीला बोचत नाही.

कोट आम्ही बेघरांसाठी काम करणाऱ्या एका गटाला दिले, तेही रीतसर परवानगी मागून, कारण हमीपत्र. परवानगीला दोन आठवडे.

दुसऱ्या वेळी फॉर्म आला तेव्हा ‘हवं’च्या शेजारी मी पट्टीने रेघ मारून ‘नको’चा रकाना आखला. हवं: काळे सपाट बूट, मधले साइझ, अंतर्वस्त्रं पाकीटबंद, शॅम्पू, बिनवासाचं क्रीम. नको: उंच टाचा, टेस्टर, हंगाम उलटलेले कपडे, आणि फाउंडेशन शेड विचारल्याशिवाय अजिबात नको. उजवीकडची यादी जवळजवळ डावीकडच्याइतकीच लांब झाली. पाठवताना थोडी धाकधूक होती, की आता आपलं नाव यादीतून जातंय.

नाव गेलं नाही. अकरा खोकी आली. दहा अगदी बरोबर. अकरावं उघडलं तर तीच गुलाबी खडूची शेड, अठ्ठेचाळीस बाटल्या. मी फोन उचलला.